विक्रीकर आणि गृहस्थाचा घरखर्च

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



प्राप्तिकर भरणाऱ्या माणसास तो भरल्याचें चांगलेंच स्मरण राहतें. विक्रीकराची गोष्ट निराळी. तो साबणाच्या वडीबरोबर आणि चहाच्या पुड्याबरोबर गुपचूप घरांत येतो आणि वस्तूची किंमत म्हणूनच जमाखर्चाच्या वहींत बसतो. ज्याला प्राप्तिकर कधींच लागू झाला नाहीं असा हमालही हा कर रोज देत असतो. आणि त्याची बहुतेक मिळकत जिनसा विकत घेण्यांतच संपत असल्यामुळें मिळकतीच्या मानानें तो श्रीमंतापेक्षां अधिक देतो. असा हा कर प्रांतोप्रांतीं निराळा कां झाला, आतां तो कितपत निराळा राहिला आहे आणि त्याबद्दल जाब कोणास विचारावयाचा, हें आज पाहूं.

१९३५ च्या कायद्यानें मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांकडे सोपविला. मध्यप्रांत-वऱ्हाडनें १९३८ सालीं पेट्रोलच्या विक्रीवर कर बसविला. हा कर वस्तुतः उत्पादनावरचा, म्हणजे मध्यवर्ती सरकारच्या हक्काचा आहे, असा वाद निघाला. पण संघ-न्यायालयानें कौल प्रांताच्या बाजूनें दिला. १९३९ सालीं मद्रासेंत राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळानें सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळें बुडणारें उत्पन्न कोठून तरी भरून काढणें त्यास भाग होतें. दर शेंकडा अवघा अर्धा होता, परंतु माल जितक्या हातांतून जाई तितक्या वेळां तो पडे. बंगालनें १९४१ सालीं एकदांच, शेवटच्या विक्रीवर, कर घेण्याची रीत पत्करली. मुंबई प्रांतांत हा कर १९४६ सालीं आला. प्रत्येक प्रांताची नड निराळी, म्हणून कराची तऱ्हाही निराळी झाली.

या स्वातंत्र्याची किंमत ग्राहकास मोजावी लागली. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालावर १९५६ च्या कायद्यान्वयें मध्यवर्ती विक्रीकर पडूं लागला. शहराच्या वेशीवर जकात होतीच. मुंबईच्या नाक्यांवर ती ३० जून २०१७ पर्यंत वसूल होत होती. वाटेंत दिलेला कर मालाच्या किंमतींत मुरे आणि त्या फुगलेल्या किंमतीवर पुन्हां कर बसे. महाराष्ट्रांत १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला, तेव्हां आधीं दिलेल्या कराची वजावट मिळूं लागली. पण ती राज्याच्या हद्दीपुरतीच. अखेर १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला. आज कोल्हापुरांतल्या साबणावर आणि बेळगांवांतल्या साबणावर कराचा दर एकच आहे.

हें गृहस्थाच्या सोयीचें झालें, यांत शंका नाहीं. मात्र येथें एक अधिकार हातचा गेला, तोही ध्यानांत ठेवावा. दरांची शिफारस आतां एक परिषद करते. तिच्यांत केंद्राच्या मतास एक तृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांस मिळून दोन तृतीयांश वजन असतें, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागतें. २०१८ च्या महापुरानंतर केरळास शेंकडा एक जादा उपकर घ्यावयाचा होता, तेव्हां या परिषदेची संमति मिळवावी लागली. मग १ ऑगस्ट २०१९ पासून दोन वर्षें तो उपकर चालला. मद्रासनें १९३९ सालीं आपली नड स्वतःच्या विधिमंडळांत भागविली होती. केरळास त्यासाठीं दिल्लीकडे पाहावें लागलें.

पेट्रोल, डिझेल आणि दारू हीं मात्र या व्यवस्थेबाहेर राहिलीं, आणि प्रांतभेद तेथें अद्याप नांदत आहे. गोव्याच्या सरकारनें २०१२ सालीं पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हां लिटरमागें सुमारें ११ रुपयांचा फरक पडला. आपल्या राज्यांत तर मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथें डिझेलवर शेंकडा २४ आणि इतरत्र २१ असे दोन दर होते. ते जुलै २०२४ पासून सारखे झाले. ज्याच्या घरीं वाहन नाहीं त्यानें यास परकी गोष्ट समजूं नये. मेथीच्या जुडीवर कर नाहीं. पण ती बाजारांत आणणाऱ्या मालमोटारीच्या डिझेलवर आहे.

प्रांताप्रांतांतील भेद पुसट झाला, तरी दुसरा एक भेद दुकानाच्या फळीवर येऊन बसला आहे. १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, पीठ, डाळ हे जिन्नस २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनांत बांधून विकले असतां त्यांवर शेंकडा ५ कर पडूं लागला; तेच जिन्नस सुटे तोलून घेतले तर कांहीं नाहीं. पूर्वी कराची सीमा गांवाबाहेरच्या नाक्यावर होती, आतां ती पुडक्याच्या कागदावर आहे.

अमेरिकेंत फळीवरच्या किंमतींत विक्रीकर धरलेला नसतो. पैसे देतेवेळीं तो वेगळा मिळविला जातो. ऑरेगॉन राज्यांत तो मुळींच नाहीं आणि नदीपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यांत आहे. त्यामुळें तेथील गृहिणीस कर डोळ्यांनीं दिसतो. आपल्याकडे वेष्टनावरची कमाल किंमत सर्व करांसह असते. दुकानदारास तीवर आणखी कर मागतां येत नाहीं; परंतु कराचा आंकडाही आपल्या नजरेस पडत नाहीं. तो काढण्याची रीत सोपी आहे. दर शेंकडा १८ असेल तर ११८ रुपयांच्या वस्तूंत कर १८ रुपये, आणि दर शेंकडा ५ असेल तर १०५ रुपयांत ५.

म्हणून माझी विनंती इतकीच. बिल मागून घ्या आणि तें वाचा. त्यांत केंद्राचा व राज्याचा असे कराचे दोन सारखे भाग दिसतील. त्यांचा जाब दोन्ही ठिकाणच्या प्रतिनिधींस विचारतां येतो. पेट्रोलवरील राज्याच्या कराचा जाब आपल्या आमदारासच विचारावा. जो कर दिसत नाहीं त्याविषयीं कोणी प्रश्न करीत नाहीं, आणि ज्याविषयीं प्रश्न होत नाहीं तो कमी होण्याची आशा धरणें व्यर्थ आहे.