इंग्रजी शिकताना होणाऱ्या आपल्या चुका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



इंग्रजी शिकताना होणाऱ्या चुकांवर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली आहे. विषय रूक्ष वाटेल, पण तो आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी सुरू झाले. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ते पाचवीत हाती घेतलेले. त्यामुळे मूल पुस्तक घेऊन आले की आई म्हणते, “बाबांना विचार, मला नाही येत.” आपले चुकेल, ही भीती! मूल इंग्रजी नंतर शिकते. ही भीती मात्र आधी शिकते.

माझे म्हणणे असे की, या चुका अडाणीपणाच्या नव्हेत. बहुतेक चुका आपल्या मराठीच्या वळणाने होतात. म्हणूनच त्या कोठे होणार, हे आधी ओळखता येते.

‘मी बाजारात गेले नाही’ हे वाक्य घ्या. ‘गेले’ हे भूतकाळाचे रूप तसेच राहते आणि पुढे ‘नाही’ लागते. त्याच चालीवर आपण म्हणतो, ‘आय डिड नॉट वेंट’. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचललेले असते; म्हणून ‘आय डिड नॉट गो’. आपल्या घोडेगावच्या कांदा बाजारातही एका गोणीला दोन हमाल कोणी लावत नाही!

दुसरी चूक ‘पासून’ची. ‘सकाळपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत काळ कोठून सुरू झाला ते सांगताना ‘सिन्स मॉर्निंग’, आणि किती काळ गेला ते सांगताना ‘फॉर टू अवर्स’.

तिसरी प्रश्नाची. ‘तू कुठे जातेस?’ यात ‘तू’ आधी येतो, म्हणून मूल ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे विचारते. इंग्रजीत प्रश्न विचारताना ‘आर’ पुढे सरकतो: ‘व्हेअर आर यू गोइंग?’

चौथी ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांची. मराठीत अशी उपपदेच नाहीत, मग ती विसरणारच. ‘अ’ की ‘ॲन’, हे अक्षर पाहून नव्हे, उच्चार ऐकून ठरवावे: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

आता दुसरी बाजू पाहा. खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि टेबल ‘ते’, हे आपले पाच वर्षांचे पोर न शिकवता सांगते. इंग्रजाला मात्र ते तर्काने कळत नाही. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यात नामापुढे लिंग नोंदवलेले आहे. अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फॅरारबाई १८३९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या आणि त्यांनी तेथे मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडेच अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्या बाईंनाही आधी आपली मराठी शिकावी लागली. परकी भाषा शिकताना अडखळणे कोणालाच चुकलेले नाही.

भगिनींनो, घरी एवढे करून पाहा. रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसा. आठवड्याला एकच चूक निवडा. बाकीच्या त्या आठवड्यापुरत्या सोडून द्या. मुलाला आधी मराठी वाक्य म्हणायला लावा, मग इंग्रजी, आणि दोन्हींत काय बदलले ते त्यालाच सांगू द्या. मराठी नीट येणारी आई हे काम करू शकते. त्यासाठी पदवी लागत नाही. आणि घरात कोणी चुकले तर हसू नका, मग ते मूल असो, सासूबाई असोत की नवी सून. हसण्याने चूक जात नाही, बोलणे मात्र बंद होते.