प्रेक्षकांनी ताब्यात घेतलेला सिनेमा

(नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कल्ट सिनेमावर बोलायचं म्हटल्यावर तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात 'शोले' आणि 'अशी ही बनवाबनवी' आले असणार. त्या दोन्हींवर बोलेन. पण आधी तुमच्याच जिल्ह्यातल्या एका गावी जाऊ. इथून शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. दंगल, बॉम्बस्फोट आणि यंत्रमाग यांखेरीज त्या गावाचं नाव वर्तमानपत्रांत क्वचितच येतं, आणि याची मला मनापासून खंत वाटते. प्रेक्षक सिनेमा कसा ताब्यात घेतो, याचा सर्वांत ठसठशीत दाखला मला तिथेच सापडला.

नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. २०००च्या सुमारास त्यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. रेल्वे मिळणार नव्हती, म्हणून बस लुटली. नट कोण, तर यंत्रमागावर राबणारे आणि गावात छोटे-मोठे धंदे करणारे लोक. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी गावाचं पाऊल सिनेमाकडे वळतं. आपलीच गल्ली आणि आपलीच माणसं पडद्यावर बघायला तेच गाव लोटलं.

याला नक्कल म्हणून हसून सोडून देणारे समीक्षक मी पाहिले आहेत. मला ते अजिबात पटत नाही. 'शोले'तून घोडे गेले, रेल्वे गेली, सत्तर एमएमचा पडदा गेला, तरी 'शोले' उरला. उरला तो सलीम-जावेद यांच्या संवादांत आणि गब्बरच्या थांबून थांबून बोलण्यात. त्या चित्रपटाचा जीव कुठे आहे हे आम्ही लेख लिहून सांगायला धडपडतो. मालेगावच्या पोरांनी ते करून दाखवलं. आणि त्यांना ते ठाऊक असण्याचं कारणही स्पष्ट आहे. १९७५ साली चित्रपट आला आणि पाठोपाठ पॉलिडोरने त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या. गणपतीच्या मांडवात, लग्नघरात, हॉटेलात लोकांनी 'शोले' नुसता ऐकला. ज्या सिनेमाचा आवाज पाठ होतो, तो मग निर्मात्याचा राहत नाही.

पुढे नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला आणि तो तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो पाहिला नसेल तर जरूर पाहा. यंत्रमागावर काम करणारे, अगदी काटकुळे शफीक शेख त्यात सुपरमॅन आहेत. त्यांच्या चड्डीचा नाडा बाहेर लोंबतो. हिरव्या कापडासमोर त्यांना आडवं करून उडवलं जातं, मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम अडतं. हॉलिवूडचा सुपरमॅन जग वाचवतो, मालेगावचा सुपरमॅन तंबाखू आणि घाणीशी झुंजतो. शफीक शेख २०११ साली कर्करोगाने गेले. रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' केला आणि २०२५ साली तो देशभर लागला. त्या चित्रपटातलं दुःख खरं आहे, अभिनयही उत्तम आहे. तरीही माझं मत माहितीपटाच्याच बाजूने पडतं. त्यातला नाडा कोणी रचलेला नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. २०२३च्या दिवाळीत मालेगावातल्या एका थिएटरात 'टायगर ३' चालू असताना लोकांनी भर सभागृहात फटाके उडवले. अशा गोष्टीचं 'फॅनचं प्रेम' म्हणून कौतुक होतं. ते करू नये. बंद सभागृहात आग लावणं हे प्रेम नव्हे.

आता फाळक्यांकडे येतो. नाशकात बोलायचं आणि दादासाहेबांना नुसतं वंदन करून पुढे जायचं, हे मला जमणार नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पाहता पाहता त्यांना ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली. हे त्यांनी स्वतः 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपल्या सिनेमाचा आरंभ एका प्रेक्षकाने केला. दुसऱ्याचा सिनेमा पाहून त्यात आपली माणसं बसवणारा प्रेक्षक! 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांनी साडी नेसली. मालेगावातही गावातल्या मुली कॅमेऱ्यापुढे येत नव्हत्या, नायिका बाहेरून आणावी लागे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी आपलं काम नाशकात हलवलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. ही घरगुती कारखानदारी आणि नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर यांत मला एकच रक्त दिसतं.

साडी नेसलेल्या पुरुषांवरून 'बनवाबनवी'कडे येऊ. सचिन पिळगावकरांचा हा चित्रपट १९८८चा. त्याची कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? मराठीतला मात्र घराघरात पाठ आहे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना त्याचं श्रेय मिळतं, ते योग्यच आहे. पण माझ्या मते हा चित्रपट सर्वांत आधी त्याचे लेखक वसंत सबनीस यांचा आहे. 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य त्यांचं, दादा कोंडक्यांना चित्रपटात उभं करणारा 'सोंगाड्या'ही त्यांनीच लिहिलेला. वगात सोंगाड्या समोरच्याचं बोलणं उचलतो, मुरडतो आणि त्याच्याच अंगावर टाकतो. इस्रायलच्या औषधाचा, सत्तर रुपयांचा तो प्रसंग आठवा. सुधीर जोशींचा घरमालक आणि अशोक सराफांचा धनंजय माने यांच्यातली ती झटापट थेट तमाशाच्या बोर्डावरून आलेली आहे. म्हणून ती शिळी होत नाही.

आज तो प्रसंग मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा होऊन फिरतो. लोक आनंद घेतात, घेऊ द्यावा. पण आधी घर मिळण्याची मारामार आहे, खोटं बोलल्याशिवाय डोक्यावर छप्पर येत नाही ही चित्रपटातल्या चार मित्रांची नड आहे. ती कापून टाकली की उरतो नुसता चुटका. उसन्या कल्पनेतून आपलं काही उभं राहतं, हे तात्या विंचू या बाहुल्यातही दिसतं. 'झपाटलेला'ची कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आली हे सगळ्यांना माहीत आहे, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज हे आपलं आहे. १९९३ साली त्या बाहुल्याला घाबरलेली मुलं आज आपल्या मुलांना हौसेने तो दाखवतात.

शेवटी एक मागणी करतो. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. जे थोडं वाचलं, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोहोचले म्हणून. व्हिडिओ टेप तर फिल्मपेक्षाही अल्पायुषी. दमट कपाटात तिला बुरशी लागते, वरचा थर सुटतो. मालेगावचे ते सुरुवातीचे चित्रपट अशाच टेपांवर आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक उभं आहे. त्यातली एक खोली या टेपांसाठी द्यावी, त्यांच्या चांगल्या प्रती काढून घ्याव्यात आणि नासिर शेख यांना सन्मानाने बोलावून त्यांच्याच तोंडून प्रत्येक चित्रपटाची हकीकत नोंदवून घ्यावी. श्रोत्यांत मालेगावहून कोणी आलं असेल आणि घरात अशी एखादी टेप पडून असेल, तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा. मी इथेच थांबणार आहे.