शेवटचं स्टेशन गोंदिया



तुमच्या या कृष्णाकाठच्या स्टेशनांवरून रोज एक गाडी जाते. महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघते आणि डब्यावरच्या पाटीवर दुसरं नाव असतं गोंदिया. ही पाटी तुम्ही लहानपणापासून वाचत आला आहात. तेराशे किलोमीटरहून लांबचा हा प्रवास सगळाच्या सगळा आपल्या एका राज्यात होतो. इथे बसलेल्यांपैकी किती जण त्या गाडीनं शेवटपर्यंत गेले आहेत, असं मघाशी चहा घेताना मी विचारलं. दोन हात वर झाले. त्यातले एक गृहस्थ बँकेच्या बदलीमुळे गेले होते.

मी त्या शेवटच्या स्टेशनाच्या मुलखातला माणूस. आम्ही त्याला झाडी म्हणतो. झाडी म्हणजे जंगल, आणि आमच्या बोलीचं नावही झाडीबोली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. सुट्टीत कुठे जावं, या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा दुसऱ्या कुठल्या प्रदेशाबद्दल बोलावं असं माझ्या मनातही आलं नाही.

हल्ली मराठी कुटुंबं बालीला जातात, थायलंडला जातात. जरूर जावं. तिथली हिरवीगार भातखाचरं, तळी, देवळं, जंगलं, पाऊस, म्हणजे उष्ण कटिबंधातली सुट्टी. पण कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि गोंदिया साडेएकवीस अंशांच्या आसपास. आपणही त्याच पट्ट्यात राहतो. बालीत भाताला पाणी वाटून देण्याची सुबक नावाची व्यवस्था आहे. खाचरं, पाट, पाण्याची देवळं आणि शेतकऱ्यांच्या सभा यांनी ती बांधलेली आहे. २०१२ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा मान दिला. आपले लोक तिथे उभे राहून फोटो काढतात आणि मला घरचं पाणी आठवतं.

नवेगावबांधला या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव गोंदियाहून पासष्टेक किलोमीटरवर आहे. तिथला तलाव पाहून बहुतेकांना वाटतं की हे निसर्गानं केलेलं सरोवर आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती डोंगर, मागे जंगल. पण हा तलाव माणसांनी बांधला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीनं बुजवल्या आणि बाकीची भिंत डोंगरांनीच पुरवली. भोवतालच्या शिखरांना सात बहिणी म्हणतात. तलाव बांधताना त्यांनी कोलू पाटलांना हातभार लावला, अशी गोष्ट आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. कोलू पाटील पुढे देव झाले. कोलासूर म्हणून त्यांचं ठाणं तिथे आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव करणारा हा मुलूख आहे. हे एकच वाक्य लक्षात ठेवून तुम्ही आलात तरी पुष्कळ झालं.

आता त्या पाळीवर चढा. माझी कळकळीची विनंती आहे की जंगलाच्या फाटकाकडे जाण्याआधी एक सकाळ पाळीवर काढा. बांधाला आम्ही पाळ म्हणतो. पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. जास्तीचं पाणी वाहून जातं ती सलंग. पाणी शेतोशेत वाटणारा माणूस पाटकरी. मोठा तो तलाव, छोटी ती बोडी. एका तलावाची सलंग जिथे वाहते तिथे खाली दुसरी बोडी असते, तिच्याखाली भाताच्या बांध्या, मग आणखी एक तलाव. पावसाचा थेंब नदीला मिळण्याआधी चार ठिकाणी थांबतो. चांद्याच्या गोंड राजांनी अशी रीत पाडली होती की जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. कोहळी समाजाची या कामातली नजर पक्की होती. ज्यांच्याकडे लेव्हल मोजायचं यंत्र नव्हतं, त्यांनी उतार डोळ्यांनी आणि पावसात वाहणाऱ्या पाण्यानं मोजला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यांना आज मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी.

१९५१ साली जुन्या मध्य प्रदेशातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. मालगुजार गेले हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तलाव सरकारी खात्याकडे गेले आणि गाळ काढायला, पाळ बांधायला उन्हाळ्यात उतरणारं गाव हळूहळू घरी बसलं. तलावात बेशरम माजली. ज्यांनी हे झुडूप पाहिलं आहे त्यांना त्या नावाचं कारण सांगायला नको. पाणवनस्पती गेल्या, त्यांच्याबरोबर मासे गेले, माशांबरोबर पक्षी. सगळ्यात आधी फटका बसला तो ढिवरांना, म्हणजे आमच्या मासेमार समाजाला. त्याच ढिवरांनी पुढे अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर काही तलावांतली बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि कुठल्या वनस्पतीच्या आधारानं कुठला मासा राहतो हे आठवून आठवून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे आलेलं होतं. सुट्टीत मुलांना काही दाखवायचं असेल तर असा एक तलाव दाखवा. काठावरच्या ढिवराला 'दादा, ह्या झाडाले काय म्हणता?' एवढं विचारा. तास निघून जाईल.

थंडीत या तलावांवर दूरदेशीची बदकं उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि त्यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकातून हे पाणी मराठी वाचकांच्या घरी पोहोचलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. त्यांनी गावकऱ्यांकडून, आदिवासींकडून, मासेमारांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली. पक्ष्याला नाव देणारा माणूस त्या पक्ष्याच्या शेजारी राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

जंगलाबद्दल तुम्ही विचारणारच. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, नागझिरा अभयारण्य त्याआधीचं, १९७० चं. २०१३ च्या डिसेंबरात हे दोन्ही आणि शेजारची काही अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. किरण पुरंदरे तर तिथे वर्षाहून अधिक काळ राहिले आणि 'सखा नागझिरा' घेऊन परतले. दोघांचीही पुस्तकं येण्याआधी वाचा. ताडोब्यासारखे वाघ इथे फाटकापाशी भेटत नाहीत. उमरेड-कऱ्हांडल्याला प्रसिद्धी मिळवून देणारा जय हा वाघ मूळचा नागझिऱ्याचा होता. तो चालत चालत तिकडे गेला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, कारण इथे जंगल होतं, चितळ-सांबर होतं, पण वाघिणी कमी होत्या. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायचं तर तो रस्ता ओलांडावा लागतो. त्या रस्त्यावरून तुम्ही गाडीनं याल तेव्हा रात्री वेग कमी ठेवा. साधी गोष्ट आहे, पण अस्वल, बिबटे, रानमांजरं तिथे मेलेली मी पाहिली आहेत.

उन्हाळ्यात आलात तर आणखी एक दृश्य दिसेल. जंगलालगतच्या गावांतून तुमची जिप्सी पहाटे निघते, त्याच्याही आधी, अंधारात, बायामाणसं तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेली असतात. सत्तर पानांचा एक पुडा. घरी येऊन जेवणाआधी सगळं घर पुडे बांधतं, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. आठ-पंधरा दिवसांचा हा हंगाम; या पैशावर पेरणीचं बियाणं येतं. गोंदियाच्या विडीचा व्यवसाय याच पानांवर उभा राहिला. ज्या वाघाला पाहायला आपण पैसे मोजून उघड्या जिप्सीत बसतो, त्याच्या शेजारून ही माणसं पायी जाऊन येतात. त्यांना हात जोडावेसे मला वाटतात. सफारीतून येताना रस्त्यात डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई दिसली तर ड्रायव्हरला हॉर्न वाजवू देऊ नका.

सालेकसा तालुका म्हणजे जिल्ह्याचा डोंगराळ पूर्व भाग. दरेकसा स्टेशनाजवळ हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात भरात असतो. खडक निसरडे होतात, पाण्यात उतरू नका. पण मला सांगायचंय ते कचारगडचं. दरेकसा, मग धनेगाव, मग पायी डोंगर चढायचा. वर एक प्रचंड गुहा. छताला भोक आहे, त्यातून उजेडाचा झोत खाली येतो. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं आणि त्यांच्यापासून गोंडांची सगळी कुळं झाली. माघी पौर्णिमेला इथे यात्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा इथून माणसं येतात, पिवळे झेंडे, ढोल, आणि भेटला की 'जय सेवा'. पंढरीच्या वारीला जसं आपण जातो तसं जा. ट्रेकिंगचा पट्टा म्हणून तिथे दोर आणि तंबू घेऊन येणारे तरुण मला दिसतात तेव्हा वाईट वाटतं. चढा, दमा, घाम गाळा. गुहेच्या तोंडाशी चपला काढा आणि आवाज खाली आणा.

इटियाडोह धरणाजवळ, गोठणगावला, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ पासून. हिवाळ्यात तुमच्या गावात स्वेटर विकायला बसतात त्यांच्यातली काही घरं इथली. हिवाळ्यात वसाहतीत म्हातारी आणि लहान मुलंच दिसतात; लोसार हा त्यांचा नव्या वर्षाचा सण येतो तेव्हा सगळे परततात. हिमालयापलीकडची माणसं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भात पिकवायला शिकली. जवळच प्रतापगड आहे. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा; महाशिवरात्रीला गर्दी मावत नाही.

संध्याकाळचं काय, असं विचाराल. दिवाळीनंतर या. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, एकेका गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरिका जुळतात, रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालतं. नंतर झाडीपट्टीची नाटकं. वडसा हे त्यांचं केंद्र शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण मंडप आमच्या गावांतही पडतात. रात्री सुरू होणारं नाटक पहाटे संपतं आणि थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसं बसलेली असतात, तिकीट काढून. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी नाटकाला प्रेक्षक नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र आमच्याकडे काढावी.

शेवटी सारस. महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ गेला. उरला तो मुख्यतः गोंदियात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या भातशेतीत. माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. जोडीनं राहतो. जिल्ह्यात तीसच्या आसपास आहेत, नदीपलीकडे बालाघाटात आणखी काही. पावसाळ्यात तो उभ्या भातात घरटं करतो. घरट्याएवढं पीक शेतकऱ्याचं जातं, चिखलात पायदळी तुडवलं जातं ते वेगळं. तरी घरटं राखणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. कीटकनाशकं आणि शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा हे सारसाचे आजचे मोठे शत्रू. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. थंडीतल्या पहाटे परसवाडा, झिलमिली या बाजूंना तलावाच्या काठी थांबा. धुक्यातून आधी आवाज येतो. दुर्बीण आणा आणि रस्त्यावरच उभे राहा; धुऱ्यावरून आत शिरलात तर जोडी उठते, आणि घरट्याच्या दिवसांत उठलेली जोडी अंड्यांना गारठा किंवा कावळा लावून जाते.

मे महिन्यात येऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आमचं ऊन तुमच्या उन्हासारखं नाही. पहिल्यांदा येणाऱ्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावं. चार दिवस तरी ठेवा. मुक्काम जमलं तर गावात करा. जेवायला आमच्या बांध्यांतला भात, मरळीचा रस्सा, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, थंडीत तलावातले शिंगाडे. ज्याच्या घरी जेवाल त्याला पैसे द्यायला संकोचू नका. तो मागणार नाही.

माझ्या जिल्ह्याला पर्यटक हवे आहेत. तलाव विकत घेऊन त्यावर तरंगती खोली बांधणारे नकोत, पाळीवर बसून पाटकऱ्याशी बोलणारे हवेत. ते जितके येतील तितका गावाला आपल्या तलावाचं मोल कळेल आणि पाळीवर फावडं घेऊन पोरं उतरतील. ही माझी आशा आहे, आणि तुमच्यापुढे ती बोलून दाखवण्यासाठीच मी सव्वा दिवसाचा प्रवास करून आलो.

उद्या मी त्याच गाडीनं परत जातोय. पुढची माघी पौर्णिमा पंचांगात पाहून ठेवा आणि तिकीट काढा. नागपूरला उतरू नका. गाडी पुढे जाते.