शेजाऱ्याचा ईस्टर समजून घेताना

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी आलिम नाही आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राचा प्राध्यापकही नाही. पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. जे वाचलं आणि समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो. विषय आहे येशू ख्रिस्ताचं पुनरुत्थान आणि आजच्या ख्रिस्ती माणसासाठी त्याचा अर्थ.

मुस्लिम तरुणांच्या वर्गात हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. माझं उत्तर एका तारखेत आहे: २१ एप्रिल २०१९. त्या दिवशी ईस्टर होता. श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. २६० हून अधिक माणसं गेली. स्फोट घडवणारे इस्लामचं नाव घेत होते. ज्या सणाच्या प्रार्थनेत ती माणसं उभी होती, तो सण नेमका कशाचा, हे निदान आपल्याला माहीत असावं. श्रीलंकेकडे मी शेवटी येतो. आधी मूळ गोष्ट पाहू.

फरक आधी मान्य करू

हजरत ईसा अलैहिस्सलाम आपल्यालाही प्रिय आहेत. बीबी मरियमच्या नावाची एक पूर्ण सूरह कुरआनात आहे. पित्याशिवाय जन्म, आजाऱ्यांना बरं करणं, अल्लाहच्या हुकमानं मेलेल्यांना जिवंत करणं, 'मसीह' ही उपाधी, हे सगळं आपणही मानतो. वाटा वेगळ्या होतात त्या क्रूसापाशी. सूरह निसाची १५७ वी आयत सांगते की त्यांना ठार केलं गेलं नाही, सुळावरही चढवलं गेलं नाही, लोकांना तसं भासलं. बहुतेक मुफस्सिरांच्या मते अल्लाहनं त्यांना जिवंतच वर उचलून घेतलं.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते की ते क्रूसावर खरोखर मेले, पुरले गेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. संत पॉल यांनी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना इसवी सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिलं. त्यात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे ज्या गोष्टीवर त्यांची इमारत उभी आहे, तिथेच आपण थांबतो. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असं म्हणून हा फरक झाकता येत नाही आणि झाकायची गरजही नाही. एखादी गोष्ट मान्य नसतानाही ती नीट समजून घेता येते.

समजून घ्यायला आपल्याकडे एक चांगली वाट आहे. आपण कयामत मानतो. मेलेले उठतील, देहासकट उठतील, आणि ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांना न्याय मिळेल. येशूंच्या काळातल्या बऱ्याच ज्यू लोकांचीही अशीच श्रद्धा होती. ख्रिस्ती माणूस इतकंच पुढे म्हणतो की शेवटच्या दिवशी जे सर्वांचं होणार, ते एकाच्या बाबतीत इतिहासाच्या मध्येच घडून गेलं आहे. पॉल त्यासाठी शेतातला शब्द वापरतात, पहिलं पीक. पहिली कणसं घरात आली की मागून सगळं शेत येणार हे शेतकऱ्याला कळतं. तसं हे.

इथं एक गैरसमज दूर करतो, आणि माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. पुनरुत्थान म्हणजे बॅकअपमधून जुनी फाईल परत आणणं असं अनेकांना वाटतं. बायबलमध्ये तशी गोष्ट आहे, ती लाजरसची. येशूंनी त्याला उठवलं, तो पुन्हा पूर्वीचंच आयुष्य जगला आणि पुढे कधीतरी मेला. येशूंचं उठणं वेगळं मानलं जातं. त्यांना पुन्हा मरण नाही. पण ते भूतही नाही. शुभवर्तमानात ते शिष्यांसमोर भाजलेला मासा खातात.

निकाल फिरला

आता अर्थाकडे येऊ. मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली न्यायाची. क्रूस ही रोमन साम्राज्याची शिक्षा होती, मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी. माणसाला मारायचं आणि मरताना त्याची अब्रूही घ्यायची, चौकात, सगळ्यांदेखत. सुभेदार पिलातनं निकाल दिला, शिपायांनी अंमल केला, फाईल बंद झाली. ख्रिस्ती माणसाच्या लेखी पुनरुत्थान म्हणजे देवानं तो निकाल फिरवला. सत्तेनं ज्याला गुन्हेगार ठरवलं, त्यालाच देवानं खरं ठरवलं.

आपल्या देशात याचा अर्थ फार जवळचा आहे. महाराष्ट्रातले कितीतरी ख्रिस्ती, खासकरून अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि मराठवाड्याकडचे, दलित समाजातून आलेले आहेत. गावानं ज्यांच्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी वेशीबाहेर मारल्या गेलेल्या माणसाच्या उठण्याची गोष्ट ऐकली, तेव्हा ती त्यांना दूरच्या देशातली वाटली नसणार. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती आजही दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम या दोघांनाही मिळत नाहीत. निकाल फिरण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी आधी पोहोचतात त्या बाया. मरिया मग्दालिया त्यांत आहेच. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. शिष्यांनाही त्यांचं बोलणं आधी खोटं वाटलं. तरी चौघांनीही हा तपशील काढून टाकला नाही. चर्चमध्ये बाईला कोणती जागा मिळावी, यावर आज ख्रिस्ती स्त्रिया बोलतात तेव्हा त्या याच सकाळकडे बोट दाखवतात. आपल्या मोहल्ल्यातल्या मैत्रिणींना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

एकटा उठला नाही

दुसरी गोष्ट. इस्तंबूलमध्ये कारिये मशीद आहे. मूळची ती बायझंटाईन चर्च. ऑटोमन काळात ती मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय झाली आणि मे २०२४ पासून तिथं पुन्हा नमाज होते. तिच्या एका दालनात सुमारे सातशे वर्षांपूर्वीचं पुनरुत्थानाचं भित्तिचित्र आहे. त्यात पांढऱ्या कपड्यांतला ख्रिस्त एका हातानं आदमला आणि दुसऱ्या हातानं हव्वाला त्यांच्या कबरींतून ओढून काढतो आहे. मनगट पकडून, जोर लावून. पायाखाली मोडलेले दरवाजे आहेत, कुलपं आणि किल्ल्या विखुरल्या आहेत.

युरोपातल्या अनेक चित्रांत ख्रिस्त हातात झेंडा घेऊन एकटा उठतो. पूर्वेकडची चर्चेस मात्र त्याला एकटं दाखवत नाहीत. उठायचं तर आदम-हव्वापासूनच्या सगळ्या माणसांना घेऊन. म्हणून ईस्टर हा एका महापुरुषाच्या गौरवाचा दिवस राहत नाही. घरातलं कुणी गेलेलं असेल तर ख्रिस्ती माणूस त्या दिवशी म्हणतो, हिचाही हात कुणीतरी धरला आहे.

सगळे ख्रिस्ती हे एकाच पद्धतीनं मानतात असं समजू नका. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांच्या मते, प्रेताचं पुन्हा जिवंत होणं हा मुद्दाच नव्हे, शिष्यांमध्ये जागा झालेला विश्वास खरा. उलट इंग्लंडचे बिशप एन. टी. राईट यांनी २००३ साली जाडजूड ग्रंथ लिहून, देह उठला असं मानल्याशिवाय त्या पहिल्या पिढीचं वागणं समजत नाही, असं मांडलं. २०१७ साली बीबीसीनं ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी आपण पुनरुत्थान मानत नाही असं सांगितलं. जसे सगळे मुस्लिम एका साच्यातले नाहीत, तसेच तेही.

जखमा तशाच

तिसरी गोष्ट मला सर्वांत भिडते. उठून आलेल्या येशूंच्या अंगावरच्या जखमा गेलेल्या नाहीत. थोमा नावाचा शिष्य म्हणतो, हात घालून पाहिल्याशिवाय मानणार नाही. त्याला त्या जखमाच दाखवल्या जातात. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात नवा विस्तव पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीवरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. आपल्या वसईच्या पट्ट्यात मराठी बोलणारे ख्रिस्ती हे दरवर्षी करतात. त्या मोठ्या मेणबत्तीत ऊदाचे पाच खडे बसवतात, पाच जखमांची खूण म्हणून. आनंदाच्या रात्रीही जखमांची आठवण पुसत नाहीत.

आणि जखमा घेऊन आलेला माणूस काय करतो? ज्यांनी त्याला संकटात सोडून पळ काढला, त्यांच्यासमोर उभा राहून तो आधी शांतीचं अभिवादन करतो. ते अभिवादन म्हणजे आपल्या सलामचं सख्खं भावंड. पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं होतं. तळ्याकाठी तो पेत्राला तीनदाच विचारतो की तुझं माझ्यावर प्रेम आहे का, आणि पुन्हा कामावर लावतो. सूड नाही. पण झालं-गेलं विसरून जा, असंही नाही. जखम दिसते आहे आणि तरीही हात पुढे आहे. ख्रिस्ती माणसाची क्षमेची कल्पना इथून येते.

नेगोंबो

आता श्रीलंका. कोलंबोच्या उत्तरेला नेगोंबो हे कॅथलिकांची मोठी वस्ती असलेलं किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या कटुवापिटिया भागातल्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये त्या सकाळी शंभरहून अधिक माणसं मेली. त्यांत लहान मुलं होती. चर्चमधल्या उठलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीवर रक्त उडालं. ती मूर्ती धुऊन पुसून नवी केली नाही. रक्ताच्या डागांसकट जपून ठेवली आहे. मघाशी जखमांबद्दल बोललो, ते आता या मूर्तीपाशी आठवा.

मे महिन्यात श्रीलंकेच्या वायव्य भागात मुस्लिमांची घरं, दुकानं, मशिदी जमावानं फोडल्या. एका मुस्लिम माणसाचा जीव गेला. नेगोंबोतही तणाव झाला. तेव्हा कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी आपल्या लोकांना जाहीर आवाहन केलं की एकाही मुस्लिमाला इजा करू नका. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला, कोविडमुळे चर्च बंद असताना, टीव्हीवरच्या प्रार्थनेत त्यांनी सांगितलं की आम्ही हल्लेखोरांना क्षमा केली आहे.

क्षमा केली म्हणून ते गप्प बसले का? तेही नाही. हल्ल्याची आगाऊ सूचना भारतानं दिली होती, ती कुणी दाबली, मागे कोण होतं, हे चर्च वर्षानुवर्षं विचारत राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना हल्ला रोखण्यात कसूर केल्याबद्दल जबाबदार धरलं आणि पीडितांसाठी दहा कोटी श्रीलंकन रुपये भरायला सांगितलं. क्षमा आणि न्यायाची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून येऊ शकतात, हे तिथं दिसलं.

तिथल्या मुस्लिमांनी काय केलं, तेही लक्षात ठेवा. उलेमांच्या प्रमुख संघटनेनं जाहीर केलं की हल्लेखोरांचे मृतदेह आम्ही स्वीकारणार नाही. या टोळीच्या म्होरक्याबद्दल त्याच्याच काट्टनकुडी गावातल्या मुस्लिमांनी कितीतरी आधी पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या.

आपण काय करायचं

आपल्याला दोन गोष्टी टाळायच्या आहेत. कुणी आपल्याकडे बोट दाखवलं की 'आमचा काय संबंध' म्हणून तोंड फिरवायचं नाही. आणि ख्रिस्ती माणसाला 'तुमच्या धर्मात क्षमा आहे ना, मग सोडून द्या' असंही सांगायचं नाही. क्षमा ज्यानं सोसलं त्याच्या हातात असते. बाहेरच्यानं ती मागायची नसते, त्यानं न्यायाच्या मागणीत सोबत उभं राहायचं असतं.

आणि अगदी साधं काही. गुड फ्रायडेला 'हॅपी गुड फ्रायडे'चे मेसेज पाठवू नका. तो मरणाचा, शोकाचा दिवस असतो. शुभेच्छा द्यायच्या तर रविवारी द्या. चाळीस दिवसांचा त्यांचा उपवासकाळ आपल्या रमजानच्या आगेमागे येतो तेव्हा वर्गातल्या, ऑफिसातल्या ख्रिस्ती मित्राला विचारा, तू या दिवसांत काय सोडतोस आणि का? तो तुम्हाला रोज्याबद्दल विचारेल. तिथून गप्पा क्रूसापर्यंत जातील आणि तिथं तुमचं पटणार नाही. काही हरकत नाही. मराठीत ही कथा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या 'क्रिस्तपुराणा'पासून ओव्यांत सांगितली जाते आहे. आपण तिचे शेजारी चारशे वर्षांपासून आहोत, फक्त ती ऐकायला बसलो नव्हतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना मतभेद मांडायचे आहेत त्यांनी आधी हात वर करा.