संगणकाचा कारागीर आणि त्याचा इशारा

(शतसांवत्सरिक महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. ज्या पूर्वजांनीं बैलगाडींतून दगड आणून आपलें मंदिर उभारिलें, त्यांचा वृत्तांत ह्या स्मरणिकेंत इतर लेखकांनीं मजहून अधिक चांगल्या रीतीनें दिलेला आहे. म्हणून समितीच्या संमतीनें मी आज पुढें पाहण्याचें योजिलें आहे. आपल्या मुलांच्या हातांत आज जें यंत्र आहे, त्याच्याशीं तीं जितकें बोलतात, तितकें आपल्या आजीशीं बोलत नाहींत. हें यंत्र उत्तरें देतें, सल्ला देतें, समजूतहि घालतें. तेव्हां त्याला काय सोंपवावें व काय सोंपवूं नये, हा प्रश्न ह्यापुढें प्रत्येक घरांत उभा राहणार आहे.

ह्या विषयावर बोलणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. ज्यांस यंत्र विकावयाचें असतें ते त्याची स्तुति करितात, आणि ज्यांस तें ठाऊक नसतें ते त्याची निंदा करितात. मजसारखा धर्मगुरु दुसऱ्या वर्गांत मोडण्याचा संभव फार. म्हणून मी आज एका तिसऱ्या प्रकारच्या गृहस्थांस साक्षीदार म्हणून आपणांपुढें आणितों. त्यांनीं संगणक बांधण्यास हात लाविला, आयुष्यभर त्याच्याच सहवासांत काढिलें, आणि तरीहि त्याविषयीं जगास सावध केलें. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु सत्य जेथून येईल तेथून तें आदरानें घ्यावें, असें आम्हांस सेमिनरींत शिकविलेलें आहे.

जोसेफ वायझेनबाउम ह्यांचा जन्म ८ जानेवारी १९२३ रोजीं बर्लिन शहरांत एका यहुदी कुटुंबांत झाला. हिटलरच्या हातीं सत्ता गेल्यावर यहुदी म्हणून त्यांस आपली शाळा सोडावी लागली, आणि १९३६ सालीं तें कुटुंब अमेरिकेस गेलें. तेथें गणिताचा अभ्यास करीत असतां डेट्रॉइट येथील वेन विद्यापीठांत एक संगणक बांधण्याच्या कामीं त्यांनीं हातभार लाविला. पुढें जनरल इलेक्ट्रिक कंपनींत असतांना, बँक ऑफ अमेरिका ह्या पेढीचे चेक यंत्राकडून वाचून घेण्याची जी मोठी योजना झाली, तिच्यांत त्यांनीं काम केलें. आपल्या चेकाच्या खालच्या कांठाशीं चमत्कारिक वळणाचे आंकडे छापलेले असतात, ते आपण पाहिलेच असतील. चुंबकीय शाईच्या त्या आंकड्यांचें मूळ त्याच योजनेंत आहे. १९६३ सालीं ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेंत गेले.

तेथें १९६४ ते १९६६ ह्या काळांत त्यांनीं एक आज्ञावली रचिली. मनुष्यानें टंकयंत्रावर कांहीं लिहावें आणि संगणकानें त्यास उत्तर लिहावें, एवढीच तिची करामत. तिचें नांव त्यांनीं 'एलायझा' असें ठेविलें. बर्नार्ड शॉ ह्यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकांत फुलें विकणारी एक मुलगी भाषापंडिताकडून उच्चभ्रू बोली शिकते, तिचें हें नांव. पु. ल. देशपांडे ह्यांनीं ह्याच नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलें. मराठी प्रेक्षक तिला मंजुळा म्हणून ओळखतात. पढविलें तसें बोलावें एवढेंच ह्या आज्ञावलीस येतें, हें जणूं त्या नांवांतच सुचविलेलें होतें.

तिची युक्ति साधी होती. मनाचे रोग बरे करणाऱ्यांपैकीं एका पंथाचे वैद्य स्वतः फारसें सांगत नाहींत. रोग्याचेंच वाक्य फिरवून त्यास विचारितात. एलायझा हेंच करी. वाक्यांतील एखादा शब्द हेरावा, 'माझा' ह्याच्या जागीं 'तुमचा' घालावा, आणि प्रश्न करावा. ती मराठींत असती तर, 'माझा भाऊ माझ्याशीं बोलत नाहीं' असें लिहितांच तिनें विचारिलें असतें, 'तुमच्या घरच्या मंडळींविषयीं आणखी सांगाल का?' भाऊ म्हणजे काय, अबोला म्हणजे काय, एका अंगणाचीं दोन अंगणें होणें म्हणजे काय, ह्याचा तिला गंधहि नव्हता.

पुढें जें घडलें त्यानें वायझेनबाउम चकित झाले. ती आज्ञावली तयार होत असतांना कित्येक महिने जवळून पाहणारी त्यांचीच चिटणीस बाई यंत्राशीं बोलावयास बसली, आणि दोनचार वाक्यें होतांच तिनें त्यांस खोलीबाहेर जाण्याची विनंति केली! कांहीं मानसोपचारतज्ज्ञांनीं तर असें मत दिलें कीं, अशा आज्ञावलींत सुधारणा करून तिजकडे रोगीहि सोंपवितां येतील. शिकलेला, जाणता मनुष्यसुद्धां आपलें अंतःकरण इतक्या सहज एका आरशापुढें उघडें करितो, ह्याची त्यांस धास्ती वाटली. ह्या विचारांतून १९७६ सालीं त्यांचा 'कम्प्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील तीन मतें मी आपणांपुढें ठेवितों.

पहिलें मत यंत्राविषयीं. वायझेनबाउम म्हणतात कीं, निर्णय काढणें आणि निवड करणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियम व आंकडे दिले असतां हिशेबानें उत्तर काढणें हा निर्णय. तो यंत्रास साधतो. निवड ही विवेकाची गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्यानें मनुष्याचें जिणें जगलेलें असावें लागतें. वडिलांवर शस्त्रक्रिया केली तर ते वांचण्याचा संभव किती, हें यंत्र कदाचित् सांगूं शकेल. परंतु ऐंशी वर्षांच्या थकल्या देहास ती यातना सोसावयास लावावी किंवा नाहीं, हें मुलांनीं त्यांच्या उशाशीं बसून, त्यांस विचारून ठरविलें पाहिजे. जॉन मॅकार्थी ह्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञांनीं एकदां प्रश्न केला होता कीं, न्यायाधीशास असें काय ठाऊक असतें कीं जें संगणकास सांगतां येणार नाहीं? पुष्कळ लोक ह्यावर म्हणतील कीं, न्यायदान यंत्रास जमणारच नाहीं. वायझेनबाउम ह्यांचें उत्तर निराळें व अधिक खोल आहे. उद्यां यंत्रास तें जमलें, तरीहि तें काम त्यास देऊं नये, असें ते म्हणतात. एखादी गोष्ट करतां येते एवढ्यानें ती करणें योग्य ठरत नाहीं. हें आपण मुलांस चाकू व काडेपेटीविषयीं शिकवितों, आणि मोठेपणीं स्वतःच विसरतों.

दुसरें मत विज्ञानाविषयीं. एका दारुड्याची किल्ली अंधारांत पडते आणि तो ती दिव्याखालीं शोधितो, कारण तेथें उजेड आहे, ही जुनी गोष्ट त्यांनीं आपल्या ग्रंथांत घेतली आहे. विज्ञानाचा दिवा खरा, आणि त्याच्या उजेडांत जें दिसतें तेंहि खरें. परंतु दिव्याखालीं दिसतें तेवढेंच जगांत आहे असें मानूं लागलें म्हणजे जें मोजतां येत नाहीं तें नाहींच, असें आपण म्हणूं लागतों. त्याच ग्रंथांत त्यांनीं संगणकाच्या नादीं लागलेल्या तरुणांचें चित्र काढिलें आहे. डोळे खोल गेलेले, कपडे चुरगळलेले, केंस विस्कटलेले, अन्नाची शुद्ध नाहीं, निजण्याची वेळ नाहीं. पटावर बसलेल्या जुगाऱ्यासारखी त्यांची स्थिति. यंत्राच्या आंत हे तरुण स्वतःच विधाते असतात. ते घालतील ते नियम तेथें चालतात. अशा सत्तेची चटक लागली म्हणजे, जेथें शेजारी भांडतो, बायको रुसते आणि पाऊस वेळेवर पडत नाहीं, असें हें खरें जग नकोसें होतें. हें चित्र १९७६ चें आहे. आज तें पाहण्यासाठीं अमेरिकेस जाण्याची गरज उरलेली नाहीं.

तिसरें मत राजकारणाविषयीं. संगणकानें क्रांति केली असें आपण सर्वजण म्हणतों. वायझेनबाउम ह्यांचें म्हणणें जवळजवळ उलट होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील पेढ्या, लष्कर व सरकारी कचेऱ्या इतक्या अवाढव्य झाल्या कीं, जुन्या पद्धतीनें त्यांचा कारभार चालेना. त्यांची रचनाच बदलावी, अधिकार वांटून द्यावे, असा एक मार्ग तेव्हां मोकळा होता. तेवढ्यांत संगणक आला, आणि जें बदलावयास हवें होतें तें तसेंच टिकलें व बळावलें. पेढीसाठीं ज्यांनीं स्वतः संगणकाचें काम केलें त्यांची ही साक्ष आहे. व्हिएतनामच्या युद्धासहि त्यांनीं उघड विरोध केला. १९६९ पासून अमेरिकेच्या विमानांनीं कंबोडियावर गुप्तपणें बाँब टाकिले आणि कागदोपत्रीं ते व्हिएतनामांत टाकिल्याचें दाखविलें. हें १९७३ सालीं उघडकीस आलें. खोटी माहिती यंत्रांत घालावी, आणि यंत्रांतून बाहेर आली म्हणून वरिष्ठांनीं तीच खरी मानावी, हा प्रकार त्यांनीं उदाहरणादाखल पुढें ठेविला. लबाडी करणारा मनुष्यच असतो; परंतु ती यंत्राच्या तोंडून वदविली म्हणजे जबाबदार कोण हेंच सांपडेनासें होतें.

ही शंका पोकळ नव्हती, हें पुढें ब्रिटनमध्यें दिसून आलें. १९९९ पासून तेथील पोस्टखात्यानें आपल्या शाखांत 'होरायझन' नांवाची संगणकप्रणाली बसविली, आणि ठिकठिकाणीं हिशेबांत तूट दिसूं लागली. शाखा चालविणारे म्हणत, आम्हीं पैसे घेतले नाहींत; खातें म्हणे, यंत्राचा आंकडा बरोबर आहे. कित्येकांस सांगण्यांत आलें कीं, अशी तक्रार तुमच्या एकट्याचीच आहे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखालीं दोषी ठरले. कोणी घरदार घालवून तूट भरली, कोणी तुरुंगांत गेलें. २०१० सालीं शिक्षा झालेली भारतीय वंशाची एक स्त्री त्या वेळीं गर्भवती होती. डिसेंबर २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, त्या प्रणालींत दोष होते व त्यांमुळें खोटी तूट दिसूं शकत होती. शेवटीं मे २०२४ मध्यें पार्लमेंटास खास कायदा करून शेंकडों शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्रास बिचाऱ्यास खरें-खोटें कळतच नव्हतें. माणसाच्या शब्दापेक्षां यंत्राचा आंकडा थोर मानावा, ही निवड माणसांनींच केली होती.

वायझेनबाउम ह्यांच्यावर टीकाहि झाली. मॅकार्थी ह्यांनीं ग्रंथाचें परीक्षण करितांना तो उपदेशकाच्या थाटांत लिहिला असल्याचा आक्षेप घेतला. उपदेश हाच ज्याचा व्यवसाय, त्या मजसारख्यानें ह्यावर फार न बोलणें बरें! परंतु एक आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो, आणि तो आपल्या तरुणांचा आहे. रात्रीं दोन वाजतां माझें ऐकणारें कोणी नसतें. यंत्र तरी ऐकतें, रागावत नाहीं, गांवभर सांगत नाहीं, असें एखादी मुलगी म्हणाली तर तिला काय उत्तर द्यावें? ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. एलायझेहून तें कितीतरी पटींनीं हुशार आहे, आणि तें मराठींतहि बोलतें. त्या मुलीस दोष देणें मला उचित वाटत नाहीं. आईला वेळ नाहीं, बापाला धीर नाहीं, शेजाऱ्याच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं. मग तिनें जावें कोठें? जी जागा माणसांनीं रिकामी केली, तेथेंच यंत्र येऊन बसलें आहे.

तरीहि पापनिवेदन ऐकणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. दुःख सांगणाऱ्यास नुसतें उत्तर नको असतें. ऐकणाराहि आपल्यासारखाच दुबळा व मर्त्य आहे, त्याला उठून जातां आलें असतें, आणि तरी तो गेला नाहीं, ह्याचा त्याला आधार वाटतो. यंत्र उठून जात नाहीं, कारण त्याला जावयास दुसरी जागाच नाहीं.

दिवंगत पोप फ्रान्सिस १४ जून २०२४ रोजीं इटलींत जी-७ राष्ट्रांच्या परिषदेपुढें ह्याच विषयावर बोलले. यंत्र अनेक पर्यायांतून निवड करूं शकतें. निर्णय मात्र मनुष्यच आपल्या अंतःकरणांत घेतो, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. वायझेनबाउम जिला निवड म्हणतात तिला पोपमहाशय निर्णय म्हणतात. शब्दांची अदलाबदल झाली, पण अर्थ तोच. कोणत्याहि यंत्रानें मनुष्याचा प्राण घेण्याचें ठरवूं नये, असेंहि त्यांनीं त्या सत्ताधीशांस स्पष्ट सांगितलें.

आतां आपण काय करावें? माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, हिशेब खुशाल यंत्रास द्या, न्याय आपल्याजवळ ठेवा. मुलाच्या शिक्षणाची, म्हाताऱ्यांच्या औषधोपचाराची, भावाभावांच्या वांटणीची गोष्ट माणसांनीं माणसांसमोर बसून ठरवावी. दुसरी, 'यंत्र असें म्हणतें' हें उत्तर कोणाकडूनहि स्वीकारूं नका. हें कोणी ठरविलें व जबाबदार कोण, असें नम्रपणें पण पुन्हां पुन्हां विचारा. मजुरीनें बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा रेशनच्या दुकानांतील यंत्रानें ओळखला नाहीं, म्हणून ती म्हातारी खोटी ठरत नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या शिकलेल्या तरुणानें तिच्याबरोबर जावें व तिच्यातर्फे बोलावें. तिसरी, रोज रात्रीं जेवणानंतर अर्धा घटका तरी घरांतील एका माणसाचें बोलणें पुरतें ऐकून घ्या, मध्येंच उपदेश न करितां.

जीं मुलें संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनीं तें उत्तम रीतीनें शिकावें. त्यांच्या विद्येचा ह्या गांवास अभिमान आहे. फक्त आपण बांधिलेलें यंत्र कोणाच्या हातीं जाणार व कोणावर चालणार, हा प्रश्न त्यांनीं काम घेतांनाच विचारावा. वायझेनबाउम ह्यांनीं तो अखेरपर्यंत विचारिला. ज्या बर्लिनमधून त्यांस बाळपणीं जावें लागलें, तेथेंच ते १९९६ सालीं परत राहावयास गेले, आणि ५ मार्च २००८ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं निवर्तले.

पुढील शंभर वर्षांत यंत्रें कोठवर जातील हें सांगणें माझें काम नव्हे. परंतु तीं जेथवर जातील तेथवर त्यांस पाठविणारे आपणच असूं, आणि त्याचा जाब आपणांसच द्यावा लागेल. तो निर्मळ मनानें देतां यावा, एवढी सुबुद्धि देव आपणां सर्वांस देवो.