रंगमंचाच्या दोन्ही अंगांना
(नभोवाणीवरील भाषण)

नाट्यव्यवसाय म्हटला की मुंबई-पुण्याकडे दृष्टी वळवण्याची आपल्याला सवय जडली आहे. परंतु भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीच्या तरुणाला जिच्यावर खरोखरीच उपजीविका करता येईल, अशी एक रंगभूमी त्याच्या घराच्या आसपासच नांदते आहे. वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे असून, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावोगावची मंडळे नाटक ठरवण्याची बोलणी करण्यास बहुधा तेथेच जातात.

या रंगभूमीचे पंचांग धानाच्या शेतीने बांधून दिले आहे. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि बांध्या, म्हणजे धानाची शेते, मोकळ्या होऊ लागल्या की मंडई, म्हणजे गावची जत्रा, व पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. घरोघर पाहुणे उतरलेले असतात, आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पाहत सारा गाव पहाटेपर्यंत जागतो. होळीपर्यंत हाच क्रम चालतो. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या या प्रेक्षकाला गाणे हवे असते, विनोद हवा असतो, आणि करुण प्रसंगी मनसोक्त रडायलाही हवे असते. त्याच्या या मागणीला जे नाके मुरडतात, त्यांनी एकदा त्या थंडीत त्याच्या शेजारी बसून नाटक शेवटपर्यंत पाहावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे रंगमंचावरच्या आणि पडद्यामागच्या कामाकडे, येतो. हंगामाच्या ऐन भरात नटाचा मुक्काम आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी पडतो, पुष्कळदा आज एका नाट्यसंस्थेत तर उद्या दुसऱ्या नाट्यसंस्थेत त्याला उभे राहावे लागते, आणि तालमीस अवधी असा मिळतच नाही. म्हणून येथे प्रॉम्प्टर हा नाटकाचा प्राण होऊन बसला आहे. हातातील पुस्तकातून तो केवळ वाक्येच पुरवतो असे नाही. कोणता नट कोठे अडखळणार, टाळ्या पडल्यावर किती थांबायचे, रंगमंचापुढे बसलेल्या ऑर्गनवाल्याला केव्हा खूण करायची, या सर्वांचा अंदाज त्याच्या अंगी मुरलेला असावा लागतो. माझे तर असे स्पष्ट मत आहे की, ज्याला नट व्हावयाचे आहे त्याने प्रथम भूमिका मागू नये, पुस्तक मागावे. ज्याने अनेक रात्री साऱ्या पात्रांची वाक्ये पुटपुटली, त्याला नाटकाची बांधणी जशी कळते तशी ती केवळ आपल्याच भाषणापुरते नाटक पाठ करणाऱ्याला कळणे दुरापास्त आहे.

भूमिकेबरोबर इतर कामेही जाणण्याच्या अष्टपैलुत्वाची ही परंपरा मराठी रंगभूमीला नवी नाही. गोविंदराव टेंबे हे मूळचे संवादिनीवादक. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या, १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीच्या मालकांपैकी एक झाले, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत लोकांपुढे आले. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले, आणि चित्रपटदिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीही पोरवयात गंधर्व मंडळीतच उमेदवारी केली होती. यांपैकी कोणीही एका कोपऱ्यात बसून राहिला नाही.

पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका जमा होत्या. आठशे माणसे अंगी आणणे हा विक्रम म्हणून मोठा आहेच. परंतु त्यामागे ज्या असंख्य रात्रींचा प्रवास, जागरण आणि आवाजाची जपणूक आहे, त्यांचा विचार केला म्हणजे मस्तक आदराने नमते.

पण केवळ भूमिकेचे उत्पन्न हंगामापुरते, आणि तेही मागणीवर अवलंबून. म्हणूनच ज्याला रंगभूषा येते, दिव्यांची व ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहता येते, ऑर्गनवर चाल बसवता येते, किंवा संस्थेचा जमाखर्च चोख ठेवता येतो, त्याची एखाद्या वर्षी भूमिका हुकली तरी हंगाम हुकत नाही. हिशेबाचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. गावच्या मंडळाशी झालेला ठराव, आगाऊ घेतलेली रक्कम, वाहनाचे भाडे, कलावंतांचे त्या रात्रीचे मानधन, यांची नोंद ठेवणारा विश्वासू माणूस संस्थेला नटाइतकाच दुर्मिळ असतो, आणि असा कारभार सांभाळलेल्या माणसालाच पुढे स्वतःची संस्था काढण्याचे धैर्य होते.

तेव्हा दिघोरीच्या ज्या मुलामुलींच्या मनात रंगभूमीची ओढ असेल, त्यांनी रोवणी आटोपताच, संस्थांची जुळवाजुळव पुरी होण्यापूर्वी, वडशाला एक खेप घालावी आणि ओळखीच्या कलावंतापाशी एका हंगामापुरते पडद्यामागचे काम मागावे. मुलींनी तर अवश्य मागावे. नटी म्हणून त्यांचे स्वागत होते, परंतु प्रॉम्प्टरच्या जागी आणि हिशेबाच्या वहीपाशीही त्या बसल्या पाहिजेत, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.