प्रत्येक कामाला वेगळी हातोडी

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारासाठी काम करणाऱ्या सुताराचं एका हातोडीवर भागत नाही. खिळे ठोकायला आणि उपटायला तो मागे चिरलेली, साधारण 450 ग्रॅमची पोलादी हातोडी घेतो. पटाशीवर मात्र लाकडी मोगरीच चालवावी. पोलादाच्या घावांनी पटाशीची लाकडी मूठ फुटते.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हातोडीचं रूप बदलतं. एक तोंड सपाट, दुसरं गोल. रिव्हेटचं टोक ठोकून पसरवायचं असेल, तर हे गोल तोंड कामाला येतं. वीट तोडायला गवंड्याची हातोडी, भिंत पाडायला घण. दगडावरही हातोडीच चालते: अंबरनाथच्याच 1060 सालच्या शिवमंदिराचं कोरीव काम छिन्नी-हातोडीचं आहे.

वजनाच्या मोहात मात्र पडू नये. जड हातोडीने मनगट लवकर थकतं आणि नेम चुकतो.

विकत घेताना दांडा घट्ट धरून हातोडी हलवून पाहावी. डोकं जरा जरी डुगडुगलं, तरी ती घेऊ नये. आणि एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही आपटू नये; कडक पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जातो. काम छोटं असलं, तरी चष्मा लावूनच घाव घाला.